अलंगला तोडायला आलेल्या प्रवासी फेरीबोटीचं सामान हॉटेलसाठी घ्यावं का? (धुळे)

साक्रीरोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. धुळे-सुरत रस्त्यावर, साक्रीच्या अलीकडे हॉटेलचं काम चालू आहे. खाली जेवणाचा हॉल, वर १२ खोल्या. अलंगचा (गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडतात ते ठिकाण) एक दलाल सांगतो, जुनी प्रवासी फेरीबोट तोडायला आली आहे, आतलं सामान एकगठ्ठा देतो: केबिनचे दरवाजे ६०, भिंतीची पॅनेलं साधारण ४०० चौ. मी., मागे रेलणाऱ्या खुर्च्या १२०, स्टीलचं पूर्ण किचन, तयार संडास-बाथरूमचे डबे, पंप ६, लाइफबोटी २. शिवाय शेडसाठी प्लेटही स्वस्तात देतो म्हणतो. त्याचं म्हणणं, माणसं नेणारं जहाज असल्यामुळे सामान मालवाहू जहाजापेक्षा भारी असतं. यातलं काय घ्यावं, काय सोडावं?

खाडामाहिती

राम राम दादा. बठ्ठं एकगठ्ठा उचलू नका. दलालाचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्रवासी जहाजात लाकूडकाम, फर्निचर, वायर, स्टेनलेस जास्त, हे बरोबर. पण आग पसरू नये म्हणून भिंतीत-छतात भरलेला मालही तिथंच सगळ्यात जास्त, आणि जहाज जुनं असेल तर तो माल म्हणजे ॲस्बेस्टॉस.

आधी जहाजाचा प्रवास समजून घ्या. फेरीचा मालक ती सहसा थेट प्लॉटवाल्याला, म्हणजे किनाऱ्यावर जहाज तोडणाऱ्याला, विकत नाही. मधला व्यापारी रोखीनं घेतो, बऱ्याचदा शेवटच्या प्रवासासाठी नाव आणि झेंडा बदलतो, आणि अलंगच्या प्लॉटवाल्याला देतो. भाव ठरतो एलडीटीवर, म्हणजे रिकाम्या जहाजाच्या वजनावर, टनाला अमुक डॉलर असा. या वजनात फरशीखालचा सिमेंटसारखा थर, इन्सुलेशन, काच, गालिचे सगळं धरलेलं असतं, पण भट्टीत त्यातलं काहीच जात नाही. वरच्या मजल्यांची प्लेटही पातळ, ५ ते ८ मिमी. त्यामुळे फेरीत प्लॉटवाल्याला पोलादाचा उतारा टँकरपेक्षा कमी पडतो आणि ती तूट तो आतल्या सामानातून भरून काढतो. तुम्हाला 'एकगठ्ठा घ्या' हा आग्रह त्यातूनच आहे.

अलंगला खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनावर किनाऱ्यावर चढवतात. १९८३ पासून हेच चालू आहे. कस्टम, मेरीटाइम बोर्ड, प्रदूषण मंडळ यांच्या परवानग्या झाल्या की आधी उरलेलं तेल काढतात, टाक्या वायुमुक्त करतात, मग सुटं सामान उतरतं. खुर्च्या, भांडी, गाद्या, फ्रीज पहिल्या काही दिवसांत त्रापज-अलंग रस्त्यावरच्या दुकानांत, म्हणजे खाड्यांत पोचतात. पॅनेलं आणि दरवाजे नंतर. ॲस्बेस्टॉस बंदिस्त खोलीत, ओला करून काढायचा आणि तिथल्या घातक कचऱ्याच्या भरावात पाठवायचा असा नियम आहे. पॅनेल त्या वाटेनं न जाता खाड्यावर आलं तर ते स्वच्छ म्हणून आलं की नुसतं निसटून आलं, हे डोळ्यांनी कळत नाही.

म्हणून भाव बोलण्याआधी तीन गोष्टी मागा. जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर: नाव-झेंडा बदलला तरी हा बदलत नाही, त्यावरून बांधणीचं वर्ष आणि देश निघतो. दुसरं, आयएचएम, म्हणजे घातक पदार्थ जहाजात कुठे कुठे आहेत त्याची यादी. २६ जून २०२५ पासून हाँगकाँग करार लागू झाला आहे, भारतही त्यात आहे, त्यामुळे 'अशी यादी नसते' हे उत्तर ऐकून घेऊ नका. तिसरं, जीएसटीचं पक्कं बिल.

सुतारकाम_जळगाव

पॅनेल आणि दरवाज्यांचं मी सांगतो.

पॅनेल दोन जातींची येतात. नवीन जहाजांत दोन्ही बाजूंना ०.६-०.७ मिमी गॅल्व्हनाइज्ड पत्रा, वर पीव्हीसीची फिल्म, मध्ये रॉकवूल. जाडी २५ किंवा ५० मिमी, रुंदी बहुधा ६०० मिमीच्या आसपास. जुन्या जहाजांत मध्ये किंवा संपूर्णच कडक, राखाडी-पांढरी पाटी असते. तुटलेल्या कडेला तंतू दिसतात. त्या पाटीत ॲस्बेस्टॉस धरूनच चालायचं. नवीन ॲस्बेस्टॉस बसवायला जहाजांवर १ जुलै २००२ पासून बहुतेक ठिकाणी आणि १ जानेवारी २०११ पासून पूर्ण बंदी आली. म्हणजे २००२ पूर्वीची फेरी असेल तर चाचणीशिवाय पॅनेलला हात लावू नका. चाचणी म्हणजे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली. काडी लावून बघणं, हुंगणं, पाण्यात टाकणं यातून काही कळत नाही. नमुना विक्रेत्याकडूनच काढून घ्या, जागा ओली करून. स्वतः करवत चालवू नका.

'आपल्याकडे घराघरावर सिमेंटचे पत्रे आहेतच की' असं कोणी म्हणेल. त्या पत्र्यात तंतू सिमेंटनं बांधलेला असतो. जहाजाची पाटी कापली, भोक पाडलं की तो मोकळा होऊन हवेत उडतो, आणि तुमच्या खोल्यांत सुतार आठवडाभर तेच करणार.

आता स्वच्छ निघालेल्या पॅनेलची खरी अडचण: उंची. केबिनमध्ये डोक्यावर जागा २.१ मीटरच्या आसपास, तेवढंच पॅनेल. आपल्याकडे उन्हाळ्यामुळे छत १० फुटांच्या खाली कोणी घेत नाही. म्हणजे वर तीन फूट उघडं राहतं, त्याला वेगळी चौकट आणि वेगळं काम. पॅनेलं एकमेकांत खाचेनं अडकतात, वर-खाली पन्हाळीसारखी पट्टी लागते. ती पट्टी आणि कोपऱ्याचे तुकडे सोबत नसतील तर उभं करता येत नाही. काढताना पहारीनं उचकटलेलं असेल तर खाच वाकलेली असते, असं पॅनेल फुकटही नको. ५० मिमीचं पॅनेल चौरस मीटरला १५ ते २० किलो, ४०० मीटरचे सहा-आठ टन होतात. भाड्याचा हिशोब त्यावर करा.

दरवाजे मात्र घेण्यासारखे, अटींवर. दरवाजा चौकटीसकटच घ्यायचा. चौकट प्लेटला वेल्ड केलेली असते, गॅसकटरवाला घाईत कापतो आणि ती पिळवटते. चौकटीबाहेर दोन-तीन इंच प्लेट ठेवून कापलेली हवी. दोन्ही कर्ण मोजा, ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर सोडा. उंबरा उंच असतो, तो खोलीत पायाला लागतो, कापावा लागेल. कुलूप-किल्ली तिथंच चालवून बघा, त्या मापाचं कुलूप इकडे मिळत नाही. १२ खोल्यांना ६० दरवाजे कशाला? १४ निवडून घ्या.

ए-६० (तासभर आग अडवणारे) लिहिलेले जिन्याचे दरवाजे जाड, जड आणि दिसायला झकास. जुन्या जहाजात त्यांच्या पोटातही ॲस्बेस्टॉस असू शकतो. आणि फायर एनओसीसाठी जहाजाचं प्रमाणपत्र चालेल असं धरू नका, इकडे आयएस ३६१४ या भारतीय मानकाचा दरवाजा विचारतात.

वायरमन_भुसावळ

किचन घ्या, पण धातूचा माल म्हणून बघून घ्या. टेबलं, सिंक, रॅक, चिमणीचे हूड उत्तम असतात. चुंबक लावा, चिकटला तर ते ४३० वगैरे जातीचं, भाव त्याप्रमाणे पाडा. टेबलाचे पाय डेकला बोल्टनं बसवलेले असतात, खाली समतोल करायचा स्क्रू नसतो, तो लावावा लागेल. शेगड्या, ओव्हन, मोठी किटली घेऊ नका. सगळं थ्री-फेज विजेवर, एकेक उपकरण १०-१५ किलोवॅट खातं. गॅसवर चालणाऱ्या हॉटेलात ते भंगारच. जुन्या फ्रीज-एसीतला वायूही आता सहज भरून मिळत नाही.

संडासाचे डबे अजिबात नकोत. जहाजाचा संडास बहुधा निर्वातावर चालतो: पाइपात कायम अर्ध्या बारच्या आसपास ओढ ठेवणारा पंप लागतो, कमोडला पाणी लिटर-दीड लिटरच. आपल्या ४ इंची पाइपाला आणि शोषखड्ड्याला तो जोडता येत नाही. बेसिन, नळ, आरसा सुटे मिळाले तर घ्या.

धुराचे जुने डिटेक्टर 'शोभेला' म्हणूनही आणू नका. आयनीकरणाच्या जातीत अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ असतो.

पंपाची पाटी वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. व्होल्ट, हर्ट्झ, फेरे, किलोवॅट, घनमीटर आणि हेड (पाणी किती उंच चढवतो ते) टाका इथे.

साक्रीरोड

आयएमओ नंबर मिळाला. बांधणी १९९१, जपान. पंपाची पाटी: ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ११ किलोवॅट, १७६० फेरे, ६० घनमीटर तासाला, हेड ३० मीटर. घराच्या विहिरीवर टाकता येईल का? विहीर ६० फूट.

वायरमन_भुसावळ

विहिरीवर नाही. जहाजावर हा पंप पाण्याच्या पातळीखाली बसतो, पाणी आपोआप आत येतं. वर बसवून ओढायला लावला तर फूटव्हॉल्व्ह आणि प्रायमिंग करूनही ६-७ मीटरच्या पुढे ओढणार नाही. तुमचं पाणी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट खाली जाणार. शेततळ्याच्या किंवा हौदाच्या शेजारी, पाण्यापेक्षा खाली खड्ड्यात बसवायचा असेल तरच विचार करा.

तरी आकडे बघा. आपली वीज ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. फेरे १७६० चे १४६५ होतात. पाणी फेऱ्यांच्या प्रमाणात घटतं, ६० चं ५० घनमीटर. हेड वर्गानं घटतो, ३० चा २१ मीटर. ताकद घनानं, पूर्ण भाराच्या ५८ टक्के. भार कमी झाला म्हणून मोटर थंड राहील असं वाटतं, पण ४४० ला ६० नं भागलं तर ७.३३, आणि ४१५ ला ५० नं भागलं तर ८.३. लोखंडात चुंबकत्व १३ टक्के जास्त कोंबलं जातं, मोटर गुंजते आणि रिकाम्यानंही गरम होते. तिला ५० हर्ट्झला खरं तर ३६७ व्होल्ट हवेत. गंमत अशी की फीडरच्या टोकाच्या गावाला दिवसा साधारण तेवढेच मिळतात, पण रात्री व्होल्टेज चढलं की जळते. व्हीएफडी (हर्ट्झ आणि व्होल्ट कमी-जास्त करणारा कंट्रोलर) लावली तर ५६ हर्ट्झपर्यंत निर्धास्त चालवता येईल. पण ११ किलोवॅटची व्हीएफडी घेऊन जुना पंप चालवण्यापेक्षा त्यात थोडी भर घालून नवा येतो. या पंपाचं आवरण आणि पंखा ब्राँझचा असतो, म्हणून दलाल भाव चढवून सांगतो. तो धातूचा भाव आहे.

सुतारकाम_जळगाव

१९९१ आणि जपान म्हणजे पॅनेलं सोडा. जपाननं ॲस्बेस्टॉसच्या निळ्या आणि तपकिरी जातींवर बंदी घातली १९९५ मध्ये, ही फेरी त्याआधीची. दरवाज्यांतले केबिनचे पोकळ पत्र्याचे घ्या, आत भरीव असतील ते नकोत. पाइपावरचा पांढरा लेप किंवा गॅस्केट चिकटलेली कुठलीही वस्तू घेऊ नका.

लोखंड_अवधान

शेडच्या प्लेटबद्दल. साधी जहाजी प्लेट म्हणजे ग्रेड ए, यील्ड (कायमचं वाकण्याआधी सोसतो तो ताण) २३५ मेगापास्कल, वेल्डिंगला चांगली. बेसप्लेट, गसेट, पायऱ्या यांना चालेल. जाडी अल्ट्रासोनिक गेजनं पाच-सहा ठिकाणी मोजा. बाथरूम आणि किचनच्या खालची प्लेट खड्डे पडून गेलेली असते, ती वरून रंगात लपते. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून वेल्डच्या रेषेपासून चार इंचांपर्यंत रंग आधी खरवडून काढा, जाळू नका.

वरच्या मजल्याचे तुकडे काही फेरीबोटींत ॲल्युमिनियमचे असतात. नेहमीच्या रॉडनं ते लागत नाहीत, टिग किंवा मिग लागतं.

आणि प्लेटच्या पट्ट्या तापवून थेट लाटलेली सळई 'जहाजाची, मजबूत' म्हणून स्लॅबला कोणी सुचवली तर नको. २३५ च्या पोलादाला वरून आडव्या रेघा पाडल्या म्हणून ते स्लॅबच्या सळईला लागणाऱ्या ५०० चं होत नाही. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून, रसायन बघून बिलेट ओततात, ती गोष्ट वेगळी. सळई आयएसआय शिक्का आणि टेस्ट सर्टिफिकेट बघूनच घ्या.

प्रकाशेकर

लाइफबोट हॉटेलपुढे शोभेला ठेवायची तर ठेवा. वजन तीन-चार टनांच्या पुढे, क्रेन दोनदा लागेल, अलंगला आणि साक्रीला. पण ती पुढे उकाई धरणाच्या किंवा नर्मदेच्या फुगवट्यात माणसं न्यायला कोणाला विकायचा बेत असेल तर थांबा. लाइफबोटीवर लिहिलेली माणसांची संख्या जहाज बुडताना दाटीवाटीनं बसायची आहे, माणशी जागा ४३ सेंमी. रोजच्या फेऱ्यांची ती क्षमता नव्हे. इंजिन ६ नॉटपुरतं. पोकळीतला फोम जुना झाला की पाणी पितो: वजन करा आणि पाटीवरच्या वजनाशी ताडा. प्रवासी न्यायचे तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी आणि तपासणी लागते.

लाइफजॅकेट मात्र स्वस्तात मिळाली तर उचला, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बोटींना हवीच असतात. तपासणी सोपी आहे. जॅकेट जाळीत घालून पाण्यात पूर्ण बुडवा, खाली किती वजन लावलं की तरंगणं थांबतं ते टिपा. २४ तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा मोजा. ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट आली तर बाद. पट्ट्याची शिवण दोन्ही हातांनी जोरात ओढा, उन्हानं दोरा आधी जातो. गोल लाइफबॉयला १४.५ किलो लोखंड लटकवून २४ तास तरंगला पाहिजे. फुगणारे तराफे घेऊ नका, दरवर्षी सर्व्हिसिंग लागतं आणि आतला वायूचा सिलिंडर कोणत्या अवस्थेत आहे ते बाहेरून दिसत नाही.

खाडामाहिती

खुर्च्या राहिल्या. त्या डेकवरच्या रुळाला बसतात, स्वतःच्या पायावर उभ्या राहत नाहीत. रुळासकट देत असतील तर घ्या, नाहीतर प्रत्येकीला अँगलचा पाट करावा लागेल. फोम दाबून बघा, बोटाला पिवळी भुकटी लागली तर तो संपलेला आहे. आणि जेवणाच्या हॉलला रेलणारी खुर्ची मुळात अडचणच, ३०-४० वरच्या लॉबीपुरत्या पुष्कळ.

गाडी आणताना घोघा-हजिरा रो-पॅक्सचा (गाड्या आणि माणसं नेणाऱ्या बोटीचा) दर काढून बघा. रस्त्यानं जे अंतर ३७० किमी पडतं ते समुद्रातून ९० किमी आहे. मालाची किंमत ५० हजारांवर गेली की ई-वे बिल लागतं, रस्त्यानं त्याची मुदत २०० किमीला एक दिवस. बोटीचं वेळापत्रक हवामानावर हलतं, म्हणून आधी बोटीची जागा पक्की करा, मगच माल भरा आणि गाडी खाड्यावरून निघण्याआधी बिल काढायला सांगा. काट्याची पावती दोन्ही टोकांना घ्या.