मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धातून दुसरं कसं निघालं, हे मुलांना नीट कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या मुलांचा इतिहास गट चालतो. पुढच्या बैठकीत दोन महायुद्धांची कारणं आणि परिणाम मला मांडायचे आहेत. ठरावीक उत्तर मुलांना तोंडपाठ आहे: व्हर्सायचा तह अपमानकारक होता, जर्मन लोक चिडले, हिटलर आला, युद्ध झालं. हे खोटं नाही. पण एवढ्यावर मुलांनी थांबावं, हे मला पटत नाही.

माझी अडचण सांगते. १८७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवलं. आल्सेस आणि लॉरेनचा काही भाग घेतला, वर पाच अब्ज फ्रँकांची खंडणी लादली. जर्मन साम्राज्याची घोषणासुद्धा व्हर्सायच्या राजवाड्यात, आरसेमहालात केली. याहून मोठा अपमान कोणता? तरी फ्रान्सने १८७३ मध्येच, मुदतीआधी, सगळी रक्कम फेडली. सल राहिली, पण सूड म्हणून फ्रान्स जर्मनीवर चालून गेला नाही. १९१४ ची ठिणगी पडली ती सारायेव्होत, ऑस्ट्रिया आणि सर्बियाच्या वैरातून.

१९१९ मध्ये त्याच आरसेमहालात जर्मनीला व्हर्सायच्या तहावर सही करावी लागली. युद्धाची जबाबदारी टाकणारं २३१ वं कलम आणि १९२१ मध्ये ठरलेला युद्धभरपाईचा १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा आपण सगळ्यांनीच वाचला आहे.

आता १९४५ पाहा. बिनशर्त शरणागती, चार सत्तांचा ताबा, पूर्वेकडचा मोठा मुलूख गेला, कोट्यवधी जर्मन घरादाराला मुकले आणि पुढे देशाचे दोन तुकडे झाले. त्यापुढे व्हर्साय सौम्यच म्हणायचं. तरीही त्यातून सूडाचं युद्ध उभं राहिलं नाही.

मग तहाचा कठोरपणा हे मुख्य कारण कसं मानायचं? त्याच्या जागी काय ठेवायचं? जाणकारांनी कृपया सांगावं. मुलं हुशार आहेत, गुळगुळीत उत्तर चालणार नाही.

प्रतिसाद

ताई, प्रश्न अगदी योग्य जागी नेला आहात. माझ्या मते तह किती कठोर होता, यापेक्षा पराभव लोकांनी मान्य केला होता का, हे आधी बघा. नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा जर्मन सैन्य अजून फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर होतं. सेनापतींनी युद्ध हरल्याचं सरकारला आधीच कळवलं होतं, पण सही केली मुलकी नेत्यांनी. त्यामुळे ‘आम्ही रणांगणात हरलो नाही, घरच्यांनीच पाठीत खंजीर खुपसला’ ही थाप लोकांच्या गळी उतरली. १९४५ मध्ये बर्लिनच पडलं, तिथे अशा थापेला जागाच उरली नाही.

दुसरं, मुलांना निवडणुकांचे आकडे दाखवा. १९२८ मध्ये नाझी पक्षाच्या राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, १२ जागा होत्या, जुलै १९३२ मध्ये २३०. तह दोन्ही वेळी तोच होता, उलट मधल्या काळात भरपाईचा बोजा हलका झाला होता. मध्ये आली ती १९२९ ची महामंदी आणि साठेक लाख बेकार. १३२ अब्जांचंही तसंच आहे: त्यातला मोठा हिस्सा, ८२ अब्ज, कागदावरच राहील हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

दुसरा प्रतिसाद

वरच्या मांडणीत आशिया कुठेच नाही, याचं वाईट वाटलं. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतला, १९३७ पासून चीनमध्ये उघड युद्ध सुरू झालं. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर केलेल्या हल्ल्याच्या कितीतरी आधी लाखो चिनी माणसं मेली होती. आणि एक गोष्ट मुलांना आवर्जून विचारा: जर्मनी, इटली आणि जपान यांपैकी पहिल्या महायुद्धात हरलेला एकच होता. इटली आणि जपान विजेत्यांच्या बाजूचे. जपानला तर शांतता परिषदेत चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मन हक्क मिळाले, पण त्याने मांडलेलं वंशसमानतेचं कलम मात्र नाकारलं गेलं. जिंकूनही असमाधानी राहिलेले देश व्हर्सायच्या जुलमाच्या गोष्टीत बसत नाहीत.

धागाकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. तीनपैकी दोन विजेते होते, हा मुद्दा मी बैठकीच्या सुरुवातीलाच घेईन, आणि १९२८-१९३२ चे आकडे फळ्यावर लिहीन.

एक शंका अजून आहे. १९४५ नंतरच्या शांततेचं श्रेय कशाला किती द्यायचं? युरोपला उभं करण्यासाठीच्या अमेरिकी मार्शल योजनेतले सुमारे १३ अब्ज डॉलर, १९५१ चा कोळसा-पोलाद करार, १९५३ मध्ये जर्मनीचं निम्म्याच्या आसपास माफ झालेलं कर्ज हे एकीकडे; दोन्ही बाजूंना ठाण मांडून बसलेली अमेरिकी आणि सोव्हिएत सैन्यं दुसरीकडे. मदतीने शांतता टिकली की धाकाने? माझा कल आज धाकाकडे झुकतो, पण फ्रान्सने जर्मनीशी खाणी आणि पोलाद एका व्यवस्थेखाली आणायला स्वतःहून हात पुढे केला, हे नुसत्या धाकाने समजत नाही. कुणी यावर सविस्तर लिहू शकेल का?