मदत हवी: लेगोचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉल्या ओढत नाही (रविवारच्या आत)

सारवलेलं_अंगण (मंगळवार, रात्री ११.४०)
लोकहो, तीन आठवडे अडकलोय. लेगो टेक्निकचा (लेगोचा गिअर-मोटरवाला प्रकार) रिमोटवर चालणारा ट्रॅक्टर केला आहे. आराखडा माझाच, कुठल्या सेटच्या पुस्तकातला नाही. मागे दोन ट्रॉल्या, उसाने भरलेल्या (ऊस म्हणजे खराट्याच्या काड्या, एका मापात कापून). नुसता ट्रॅक्टर मस्त पळतो. एक रिकामी ट्रॉलीही ओढतो. दोन भरलेल्या लावल्या की आतून टक-टक-टक आवाज येतो आणि गाडी जागेवरच. मोटर मात्र फिरत असते. दोनदा सगळं उघडून बघितलं, दात शाबूत आहेत. रविवारी चालता हवा आहे. जाणकारांनी लवकर सांगा.

दातेरी (मंगळवार, रात्री ११.५८)
कुठली मोटर? किती गिअर, कसे? सेल कुठले? वजन किती? फोटो?

वायरलेस_वामन (बुधवार, सकाळी ७.१०)
इन्फ्रारेडवाला जुना संच असेल तर आधी तो बदला. २०१९ पासून लेगोचे टेक्निकचे मोठे रिमोट सेट ब्लूटूथवर आले, फोनवरून चालतात. मोटरचा कोनही कळतो, त्यामुळे स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं. मी दोन वर्षांपूर्वी बदललं, परत मागे वळून पाहिलं नाही.

दातेरी (बुधवार, सकाळी ७.२५)
वामनराव, त्यांचा ट्रॅक्टर ओढत नाहीये. सिग्नल पोचतोय, मोटर फिरतेय. ब्लूटूथने काय होणार?

टर्नर_फिटर (बुधवार, सकाळी ८.०२)
वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला) लावा. एक वर्म आणि २४ दातांचा गिअर म्हणजे थेट २४ पट जोर. ट्रॉल्याच काय, पाट्यावरचा वरवंटा ओढेल. चढावर मागे घरंगळतही नाही, कारण वर्म उलटा फिरत नाही. चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत, जड काम म्हटलं की वर्म.

सारवलेलं_अंगण (बुधवार, सकाळी ९.१५)
मोटर एल, पॉवर फंक्शन्सची (तोच लेगोचा जुना इन्फ्रारेड संच). गिअर ८ दातांवरून २४ वर, मग २० वरून डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देतो तो) २८ वर. मागची चाकं ती मोठी, १०७ मिमीची. वजन दोन्ही भरल्या ट्रॉल्यांचं मिळून अडीच किलोच्या आसपास. सेल नवे आहेत.

दातेरी (बुधवार, सकाळी ९.४०)
आता हिशोब होतो. ८-२४ म्हणजे तिप्पट, २०-२८ म्हणजे १.४, एकूण ४.२. एल मोटर मोकळी फिरताना मिनिटाला साधारण ३९० फेरे देते आणि अडकली की जास्तीत जास्त १८ न्यूटन-सेंटिमीटरचा पीळ (फिरवण्याचा जोर). ४.२ ने गुणलं तर चाकावर पंचाहत्तर. घर्षणात बरंच गेलं तरी अडीच किलो सरकायला हवेत. जोर तयार होतोय, पण चाकापर्यंत पोचत नाहीये.

टर्नरकाका, वर्मचंही गणित बघा. ३९० भागिले २४ म्हणजे चाकाचे सोळा फेरे. १०७ मिमीच्या चाकाचा घेर साधारण ३३६ मिमी, म्हणजे मिनिटाला साडेपाच मीटर. शिवाय लेगोच्या वर्ममध्ये बराचसा जोर घासण्यातच जातो.

टर्नर_फिटर (बुधवार, सकाळी १०.०५)
वेग कोणाला हवाय? उसाचा ट्रॅक्टर आहे, शर्यतीची गाडी नाही. घासतं तिथे सिलिकॉन ग्रीस लावा.

निळी_शाई (बुधवार, दुपारी १.३०)
फारच सुंदर छंद. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला रिमोटचा कुठला संच घ्यावा?

अटलांटिकपार (बुधवार, दुपारी २.१२)
निळी_शाई, सहाव्या वर्षी मोटर नको. साध्या विटांची मोठी पेटी द्या, गिअर आठ-नऊ वर्षांनंतर.
धागाकर्ते, तुम्हाला लागतील ते भाग मी इथून पाठवू शकते, न्यू जर्सीत सुटे भाग सहज मिळतात. २०१९ मध्ये आलेले प्लॅनेटरी हब घ्या. चाकाच्या आतच वेगात ५.४ पट घट होते, त्यामुळे आधीच्या सगळ्या दांड्यांवर पीळच कमी येतो. चाकाजवळ घट करणं हाच यावरचा खरा इलाज.

वायरलेस_वामन (बुधवार, दुपारी २.३०)
पाठवताना जपून. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० चं ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची सक्ती. माझी गिअरची एक पुडी दोन महिने अडकून शेवटी परत गेली. मोठ्या माणसाने स्वतःपुरते तीस गिअर मागवले, तरी व्यापाऱ्यासारखी चौकशी. या एका कारणामुळे आपल्याकडे कितीतरी आराखडे कागदावरच राहतात.

दातेरी (बुधवार, दुपारी २.४१)
अगदी खरं. पण रविवार चार दिवसांवर आहे, जे घरात आहे त्यातच भागवायचंय. धागाकर्ते, तो २४ दातांचा गिअर कुठल्या रंगाचा आहे?

सारवलेलं_अंगण (बुधवार, संध्याकाळी ६.५०)
रंगाने काय फरक पडतो? पांढरा आहे. मधला भाग राखाडी. काहीतरी आकडे आहेत त्यावर.

दातेरी (बुधवार, संध्याकाळी ६.५३)
सापडलं! आकडे २.५ आणि ५.० असतील. तो साधा गिअर नाही, क्लचचा आहे. पीळ पाच न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास गेला की मधला भाग सुटा फिरतो, म्हणजे मोटर जळत नाही आणि दात तुटत नाहीत. स्टिअरिंग टोकाला अडकतं तिथे तो लावतात. तुमची एल मोटर ८-२४ नंतर त्या दांडीवर पन्नासपर्यंत पीळ देऊ शकते आणि हा पाचलाच सोडून देतो. टक-टक त्याचीच. साधा राखाडी २४ घाला.

सारवलेलं_अंगण (बुधवार, रात्री १०.२०)
टक-टक बंद. मनापासून धन्यवाद. पण आता वेगळंच. दोन फूट ओढतो, मग सगळंच मरतं. रिमोटला काही उत्तर नाही. अर्ध्या मिनिटाने आपोआप जिवंत होतो. आणि पुढची चाकं उचलतात, वळतच नाही.

दातेरी (बुधवार, रात्री १०.३१)
बॅटरी बॉक्स छोटा आहे का, एएए सेलांचा? त्यात जादा करंट तोडणारा भाग असतो, गरम झाला की तोडतो, थंड झाला की जोडतो. मोठा एए सेलांचा बॉक्स घाला. आणि घरात एक्सएल मोटर असेल तर ती. तिचा पीळ ४०, एलच्या दुपटीहून जास्त, फेरे २२०.

टर्नर_फिटर (बुधवार, रात्री १०.४०)
आणि चार्जिंगचे सेल घालू नका. एकेक १.२ व्होल्टचा, सहा मिळून ७.२ च होतात. साधे अल्कलाइन ९ देतात.

वायरलेस_वामन (बुधवार, रात्री १०.५२)
मोकळे असताना ९, काका. लोड आला की अल्कलाइन भराभर बसतात, चार्जिंगचे शेवटपर्यंत धरून ठेवतात. मी मीटर लावून बघितलंय.

फडकरी (गुरुवार, सकाळी ६.१५)
दादा, मला लेगोतलं काही कळत नाही, पण कारखान्यावर ऊस वाहून केस पांढरे झाले. पुढचं उचलतंय म्हणजे हूक उंच लावलाय. हूक किती उंचीवर आहे? ट्रॉली एका एक्सलची का दोन? आणि माल कसा भरलाय?

सारवलेलं_अंगण (गुरुवार, सकाळी ८.४०)
हूक मागच्या एक्सलच्या रेषेत आहे, मजबूत जागा तीच होती. म्हणजे जमिनीपासून साधारण ५३ मिमी. दोन्ही ट्रॉल्या एका एक्सलच्या. ऊस पुढच्या बाजूला जास्त, मागे सांडतो म्हणून.

फडकरी (गुरुवार, सकाळी ८.५५)
मग उचलणारच की! दोन्हीकडनं मारताय. ओढ जेवढी उंच तेवढं नाक वर. आणि पुढं भरलेली एका एक्सलची ट्रॉली हुकावर बसते, म्हणजे मागून दाबते. हूक एक्सलच्या खाली घ्या, जमेल तेवढा. माल ट्रॉलीच्या एक्सलवर येऊ द्या, जरासाच पुढं. मागं साखळी नाहीतर दोरानं आवळा, सांडत नाही. आणि नाकावर वजन टाका. आम्ही बंपरला लोखंडी वजनं लावतो, ती शोभेसाठी नसतात.

दातेरी (गुरुवार, सकाळी ९.०५)
फडकरीदादांचं तंतोतंत बरोबर. हूक ५३ वरून २५ मिमीवर आला तर ओढीने येणारी उचल निम्म्याहून कमी होईल. आणि वजन तयारच आहे: एए बॉक्स बॉनेटमध्ये टाका, सहा अल्कलाइन सेलच दीडशे ग्रॅमच्या घरात जातात.

दादा, खऱ्या ट्रॅक्टरचं मागचं चाक किती उंच असतं?

फडकरी (गुरुवार, सकाळी ९.२०)
आमच्याचं साडेचार फूट.

दातेरी (गुरुवार, सकाळी ९.३८)
म्हणजे मॉडेल खऱ्याच्या तेराव्या हिश्शाचं. एक्सएल लावली तर चाकाचे मिनिटाला बावन्न फेरे, खऱ्या मापात ताशी १३-१४ किलोमीटर.

फडकरी (गुरुवार, सकाळी ९.४४)
भरल्या दोन ट्रॉल्यांना बरोबर तेवढाच.

अटलांटिकपार (गुरुवार, संध्याकाळी ७.३०)
एक्सएल लावल्यावर २०-२८ ची जोडी दात सोडेल, कारण फ्रेम फाकते. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना बीम (भोकांच्या पट्ट्या) आडवे बांधा, एक्सलचा आधार गिअरपासून एका भोकाच्या आत हवा. हे केलं नाही तर परत टक-टक, आणि यावेळी ती खरोखर दातांची असेल.
एक विचारते. रविवारच का?

सारवलेलं_अंगण (गुरुवार, रात्री ११.१०)
वडिलांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्यांनी एकतीस वर्षं कारखान्याला ऊस वाहिला, याच लाल रंगाच्या ट्रॅक्टरवर. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे सोडला. विकून आलेल्या दिवशी जेवले नाहीत. गावी अंगणात दुपारी सगळे जमतील तेव्हा त्यांच्या हातात रिमोट द्यायचा आहे.

वायरलेस_वामन (गुरुवार, रात्री ११.१८)
अंगणात? दुपारी? आता माझं ऐका, नवं काही घ्यायला सांगत नाही. इन्फ्रारेड उन्हात आंधळा होतो. उन्हातच इतका इन्फ्रारेड असतो की रिसीव्हरला रिमोट दिसत नाही. पडवीच्या सावलीत चालवा, नाहीतर पाचनंतर. आणि रिसीव्हरचा काळा डोळा बॉनेटखाली दडवू नका, छतावर उघडा ठेवा.

सारवलेलं_अंगण (रविवार, रात्री ९.५०)
एक्सएल, मोठा बॉक्स नाकात, हूक २४ मिमीवर, डिफरन्शियलला चारी बाजूंनी बीम. साडेपाचला चालवला. पडवीपासून तुळशीपर्यंत दोन्ही ट्रॉल्या भरून, एकदाही न थांबता. सारवलेल्या जमिनीवर चाकं फरशीपेक्षा चांगली धरतात.

बाबा पहिली दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मग ट्रॅक्टर मागे घ्यायला लागले. दोन ट्रॉल्या मागे घेणं मला एकदाही जमलं नव्हतं, त्यांनी तिसऱ्या खेपेला गोठ्याच्या दारात सरळ लावल्या. मग खाली बसून दोन ट्रॉल्यांमधली जागा बघितली आणि विचारलं, "हूक निसटला तर? जोडसाखळी कुठाय?"

फडकरीदादा, ती साखळी नेमकी कुठून कुठे असते? पुढच्या शनिवारी परत जातोय.

फडकरी (रविवार, रात्री १०.०४)
पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या पाट्यापासून मागच्या ट्रॉलीच्या दांडीपर्यंत, हुकाच्या खालून. थोडी ढिली ठेवा, वळताना ताणली नाही पाहिजे. बाबांना माझा नमस्कार सांगा.

दातेरी (रविवार, रात्री १०.११)
लेगोची एकवीस कड्यांची प्लॅस्टिकची साखळी येते. माझ्याकडे दोन आहेत. पुण्यात असाल तर शुक्रवारी घेऊन जा.