फ्लॉक्सवर भुरी, आणि पांढऱ्या झुडपात गडद गुलाबी फुलं: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मध्य न्यू जर्सीत राहते. मागच्या लाकडी कुंपणालगत बारमाही फ्लॉक्सचा वाफा आहे, 'डेव्हिड' नावाची पांढरी जात. २०१८ मध्ये आई सहा महिने इथे होती, तेव्हा नर्सरीतून तिनेच निवडून आणला आणि लावला. आता तिला एवढा प्रवास झेपत नाही. जुलै लागला की फोनवर पहिला प्रश्न, "फ्लॉक्स फुलला का गं?" त्यामुळे हे झाड मला काहीही करून टिकवायचं आहे.

पुण्यात आपण थंडीत लावतो तो फ्लॉक्स हा नव्हे. तो ड्रमंडी, मूळचा टेक्सासचा, वीत-दीड वीत वाढतो आणि एका हंगामात संपतो. माझा पॅनिक्युलाटा आहे. तो अमेरिकेच्या पूर्व भागातलाच, तीन-चार फूट होतो, हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतो आणि वसंतात मुळांतून पुन्हा फुटतो. मी मात्र पुण्याच्या सवयीने यालाही रोज संध्याकाळी झारीने वरून पाणी घालत आले.

आता अडचण. जूनअखेरीस खालच्या पानांवर तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखे डाग आले. आज ऑगस्टचा दुसरा आठवडा आहे, आणि गुडघ्यापर्यंतची पानं पिवळी-तपकिरी होऊन गळली आहेत. वर फुलं आहेत, वासही तोच गोड, पण खाली नुसत्या काड्या. सात वर्षांत गड्डा कधी विभागलेला नाही. मोजल्या तर एका गड्ड्यात तीसेक दांड्या निघाल्या.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली आहे. पांढऱ्यात यंदा गडद गुलाबी, जांभळट झाक असलेली फुलं बरीच आली. झाडाने रंग बदलला का? आईचा पांढरा संपत चालला आहे का?

प्रतिसाद १

ताई, फ्लॉक्स मी कधी लावला नाही, पण द्राक्षाच्या बागेत वाढलो आहे (दिंडोरी). तुम्ही लिहिलंय ती भुरीच. द्राक्षावरची बुरशी वेगळी, फ्लॉक्सवरची वेगळी, पण स्वभाव सारखा. केवडा हा पानांवरचा दुसरा रोग, त्याला पान ओलं लागतं, भुरीला लागत नाही. दमट, कोंडलेली हवा आणि सावली एवढं तिला पुरतं. म्हणून नुसतं झारीला दोष देऊ नका. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या, ते चांगलंच, पण खरा इलाज हवा खेळती ठेवणं. आम्ही वेलीवरचे फुटवे विरळ करतो ते यासाठीच. तीस दांड्या कुंपणाला चिकटून म्हणजे भुरीला आमंत्रण.

पांढरं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. फवारणी नव्या पानांना वाचवण्यासाठी असते. गंधक चालतं, पण ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर मारू नका, पानं करपतात. नीमतेल मारलं असेल तर गंधकाआधी किमान दोन आठवडे जाऊ द्या.

प्रतिसाद २

मी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात. आधी रंगाचं सांगते: झाड बदललेलं नाही. फ्लॉक्सची बोंडं वाळली की तडकतात आणि बी लांब उडतं. त्या बियांची रोपं मूळ झाडासारखी निघत नाहीत, बहुतेक जंगली गुलाबी रंगावर जातात. ती जोमदार असतात, म्हणून हळूहळू पांढऱ्याला दाबून टाकतात. आत्ताच फुलं ओळखून त्या दांड्यांना दोरा बांधा आणि मुळासकट काढा. मुळाचा तुकडा राहिला तर तोही फुटतो. पुढे फुलं सुकताच तुरे कापायचे, बी धरूच द्यायचं नाही.

'डेव्हिड' आमच्याच राज्यात, ब्रँडीवाइन संग्रहालयाच्या आवारात सापडली. २००२ मध्ये तिला वर्षातल्या सर्वोत्तम बारमाही झाडाचा मान मिळाला, तो भुरीला बऱ्यापैकी तोंड देते म्हणूनही. पण इतकी दाटी कुठलीच जात सोसत नाही. नवं झाड घ्यायचंच तर 'जीना' बघा. फुलं बारीक, पण पानं स्वच्छ राहतात, आणि डेलावेअरच्या माउंट क्युबा सेंटरच्या चाचणीत फुलपाखरं सर्वांत जास्त तिच्यावर आली.

गड्डा आत्ता या उन्हात उकरू नका. वसंतात कोंब दोन-तीन इंचांचे झाले की उचला. मधला जुनाट, लाकडी भाग टाका, कडेचे ताजे तुकडे दीड-दोन फुटांवर, कुंपणापासून सुटे लावा. प्रत्येकी पाच-सहा दमदार कोंब ठेवून बाकीचे खुडा. हे दर तीन-चार वर्षांनी. आणि यंदा हिवाळ्यापूर्वी दांड्या जमिनीलगत कापून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पांढरा संपत नाहीये, हे वाचूनच जीव भांड्यात पडला. आज बारा गुलाबी दांड्यांना दोरे बांधले आणि आईला फोटो पाठवला. तिचं म्हणणं, "सगळे काढू नकोस, एक ठेव, रंग छान आहे." तर एक शेवटचं विचारते: तो एक गुलाबी घराच्या पुढच्या बाजूला हलवला आणि तुरे वेळेवर कापत राहिले, तर मागच्या वाफ्यात पुन्हा मिसळण्याची भीती उरते का?