आईबाबा मुंबई-नेवार्क : डायरेक्ट की मध्ये मुक्काम?

गोदाकाठ :
बाबा ७७, आई ७२, मे महिन्यात नाशिकहून ताईकडे अमेरिकेत एडिसनला (नेवार्कजवळ) चाललेत. डायरेक्ट फ्लाइट साधारण १६ तासांची आणि बाबांचे गुडघे पिक्चरला दोन तास बसले तरी आखडतात, म्हणून मी म्हणतोय दुबईत दोन रात्री थांबा, फ्रेश होऊन पुढे जा. ताई म्हणते उगाच लांबण लावू नकोस. कोणी असं पाठवलंय का?

पोहेखाऊ :
हिशोब बघ ना, मुंबई-दुबई जेमतेम तीन तास, दमायच्या आत उतरणार आणि पुढचे चौदाएक तास आहेतच. अर्ध्यावर तोडायचं तर फ्रँकफर्ट नाहीतर लंडन, पण तिथे बाहेर हॉटेलात दोन रात्री झोपायचं तर वेगळा व्हिसा लागतो. दुबईत अमेरिकेच्या व्हिसावर व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो एवढाच फायदा. थांबलातच तर गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा!! आमच्या पप्पांच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी, त्या बॅगा थेट शेवटच्या विमानतळापर्यंत टॅग झालेल्या, मध्ये हातात मिळाल्याच नाहीत, आणि आम्ही इथून फोनवर त्यांना रात्री दहाला मेडिकल शोधून देतोय.

सत्तरीपार :
मी ७५ची, तीनदा जाऊन आले. मला डायरेक्टच बरं वाटतं, उतरलं की परत सिक्युरिटी, परत ते मैलभर चालणं, आणि हॉटेलात रात्री दोनला टक्क जाग. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेव, पहिल्या खेपेला आमचे हे नको म्हणाले आणि इमिग्रेशनच्या रांगेत दीड तास उभे राहिले. सीट आइलची घे, तासा-दीड तासाने टॉयलेटपर्यंत फेरी मारायची, पाय सुजत असतील तर डॉक्टरांना विचारून ते घट्ट स्टॉकिंग्ज. आणि आईला सांग पाणी पी, आम्ही बायका उठावं लागतं म्हणून पीतच नाही, मग तासन्‌तास एका जागी बसून पायात गुठळी व्हायची भीती. बरं, नाशिकहून थेट एअरपोर्ट गाठू नका, गाडीतले चार-पाच तास, मग तीन-चार तास आधी पोचायचं, विमान सुटेपर्यंतच माणूस अर्धा होतो. थांबायचंच तर आदल्या रात्री मुंबईत थांबा.

गोदाकाठ :
अरे हो, नाशिक-मुंबई मी धरलंच नव्हतं. अंधेरीत मावशी आहे, आजच फोन करतो, दुबई कॅन्सल. बाबांचं मात्र "मी काय पेशंट आहे का" सुरू झालंय व्हीलचेअरवरून, आई म्हणते त्यांना नको तर राहू दे, माझी बुक कर, मी बसते मस्त.