मदत हवी आहे : यादवीमुळे गरिबी की गरिबीमुळे यादवी?

नमस्कार दादा-ताईंनो. घाटंजी तालुक्यातला आहे, एमए अर्थशास्त्राला. शनिवारी गरीब देशांतली यादवी आणि विकास यावर सेमिनार द्यायचा आहे अन् एका जागी गाडी फसली आहे.

मिगेल, सत्यनाथ आणि सर्जेंटी यांचा 2004 चा अभ्यास वाचला. 1981 ते 1999, आफ्रिकेतले 41 देश. लढाईने उत्पन्न बुडतं हे खरं, पण लढाईने पाऊस थोडाच पळतो? म्हणून उत्पन्नातली घट मोजायला त्यांनी पावसाची आकडेवारी धरली. विकासदर 5 टक्क्यांनी पडला की पुढच्या वर्षी संघर्षाची शक्यता जवळपास दीडपट, असं निघालं. कोरडवाहू कापूसवाल्याच्या पोराला हे लगेच पटलं.

घोळ बाबांनी घातला. पऱ्हाटीत डवरा थांबवून म्हणाले, "आपल्याइकडं नापिकी झाली का मानूस सोताच्याच जिवावर उठते. बंदूक कोन उचलते?" मी गप्प. (गडचिरोलीची गोष्ट निराळी, तिथं जंगल-जमिनीच्या हक्काचा प्रश्नही आहे.)

दुसरं कोडं नेपाळ. 1996 ते 2006 माओवादी युद्ध, तरी गरिबी 1995-96 मधल्या सुमारे 42 टक्क्यांवरून 2003-04 मध्ये 31 वर आली. बाहेरदेशी गेलेल्या पोरांनी पाठवलेला पैसा हे मोठं कारण, ते समजलं. पण त्या पोरांना घराबाहेर काढलं कोणी, युद्धानं की बाहेरच्या मजुरीनं?

कोणी या दोन्हीवर समजावून सांगेल का? मराठीत वाचायला काही असेल तर तेही सुचवा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, उत्तर द्यायला उशीर झाला तर रागावू नका.