शेजारच्या टेबलावरून आलेला मेल

तिचा कीबोर्ड वाजलेला मला ऐकू येतो, इतकी आमची टेबलं जवळ. तरी परवा तिचा मेल आला: "फाईल कुठवर आली?" सीसीत साहेब. मीही फणकाऱ्यात मेलनेच उत्तर दिलं, सीसीसकट. रे टॉमलिन्सनने १९७१ मध्ये नेटवर्कवरून पहिला ईमेल पाठवला, तोही म्हणे एकाच खोलीतल्या दोन यंत्रांमध्ये! तुमच्या ऑफिसात काय चालतं? सांगा.

---

मी तुटक लिहिणारा. एका नव्या मुलाने रात्री अहवाल पाठवला, मी उत्तर दिलं, "पाहिला. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी मी रजेवर, बोलायचं राहूनच गेलं. तिसऱ्या दिवशी प्रिंटरपाशी भेटला, तर चेहरा उतरलेला. "सर, खूप चुकलंय का?" अहो, अहवाल उत्तम होता! दोन दिवस तो माझ्या त्या पूर्णविरामाचा अर्थ लावत बसला होता. क्रूगर, एप्ली या मानसशास्त्रज्ञांचा आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास नंतर वाचनात आला. मेलमधला आपला सूर समोरच्याला कळेल अशी जेवढी खात्री पाठवणाऱ्याला असते, तेवढा तो कळत नाही. माझ्या बाबतीत तर सूर नव्हताच. आता मी "छान झालाय" हे दोन शब्द आधी टाकतो. जिवावर येतं, पण टाकतो.

---

व्हॉट्सॲपवरच्या, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा बंद केल्या. आता साहेब फोन करून विचारतात, "मेसेज पाहिलास का?" संपर्क वाढला म्हणायचा!

---

मी उलटं सांगते. मला कमी ऐकू येतं. मीटिंगमध्ये चारजण एकदम बोलायला लागले की मी नुसती मान डोलवायची, आणि मग कुणाला तरी गाठून "काय ठरलं?" विचारायचं. तोही कंटाळायचा. चॅट आल्यापासून मी भांडतेसुद्धा. समोरासमोरच्या गप्पांची हळहळ सगळ्यांनाच वाटते असं समजू नका. त्या गप्पांत मी कधी नव्हतेच.

---

पहिला अनुभव माझाच, म्हणून पुढचं सांगते. आज खुर्ची वळवली आणि विचारलं, "अगं, मेल कशाला? आणि साहेब कशाला मध्ये?"

ती म्हणाली, "मागच्या वेळी तोंडी सांगितलं होतं. तू मीटिंगमध्ये म्हणालीस, मला कुणी सांगितलंच नाही."

म्हणाले होते खरी.