पुनर्विकासाच्या आराखड्यात पायी चालणाऱ्यांची वाट कशी मागावी?

विक्रोळीकर :
सप्रेम नमस्कार. आमची इमारत विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या वसाहतीत आहे आणि तिच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. आज इमारतींच्या मधल्या मोकळ्या वाटांनी मुले शाळेत जातात, ज्येष्ठ मंडळी भाजी आणायला जातात आणि कोणालाही फार वळसा पडत नाही. आसपास ज्या इमारती नव्याने उभ्या राहिल्या, त्यांनी मात्र चारही बाजूंनी कंपाउंड वॉल घातल्यामुळे या वाटा एकेक करून बंद होत चालल्या आहेत. आमच्यापुढे आलेल्या आराखड्यात पोडियम (इमारतीखालचा उंच चौथरा), रॅम्प आणि गाड्यांच्या जागा बारकाईने दाखवल्या आहेत, परंतु माणूस फाटकापासून लिफ्टपर्यंत कोठून चालत येणार, याची एक रेषही त्यात नाही. विशेष सर्वसाधारण सभेत हा विषय मांडायचा आहे. नेमके काय मागावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

आराखडेकार, मुलुंड :
आपण योग्य वेळी विचारले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील निर्देशांनुसार संस्था आधी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमते, मग निविदा निघतात आणि त्यानंतर विकास करारनामा होतो. आपल्या अपेक्षा निविदेच्या अटींतच घालून घ्याव्यात, कारण नकाशे मंजूर झाल्यावर त्यांत बदल सुचवला की वेळ आणि खर्च यांचे कारण पुढे केले जाते.

पहिली मागणी म्हणजे पायी येणाऱ्यांसाठी वेगळे फाटक, आणि तेही गाड्यांच्या फाटकाला चिकटून नव्हे, तर बस थांब्याकडे किंवा बाजाराकडे उघडणारे. तेथून लिफ्टपर्यंत गाड्यांचा रस्ता न ओलांडता जाता आले पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळामुक्त जागा अपेक्षित आहे. आवारातील वाटेलाही तेच माप लावावे.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे बेसमेंटचा रॅम्प जिथे रस्त्याला मिळतो तो कोपरा. चढ थेट पदपथापर्यंत आणला की वर येणाऱ्या चालकाला समोर फक्त आकाश दिसते आणि भिंतीआडून चालत येणारे मूल दिसतच नाही. म्हणून रॅम्पचा शेवटचा, निदान एका गाडीच्या लांबीएवढा भाग सपाट ठेवावा आणि दोन्ही बाजूंची भिंत तेवढ्या अंतरात कमरेइतकीच बांधून वर जाळी लावावी. पदपथाची पातळीही फाटकापाशी तोडू नये. गाडीने चढून उतरावे, चालणाऱ्याने नव्हे. आमच्या व्यवसायात हे सर्वांना ठाऊक असते, पण कोणी मागितल्याशिवाय ते कागदावर उतरत नाही.

हिंदू कॉलनीतील वाचक :
एकट्या संस्थेने कितीही चांगले फाटक केले, तरी शेजारच्या भिंतीपाशी वाट संपणारच. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा योजना आखली, तेव्हा रस्ते आणि भूखंड यांचा विचार एकत्र झाला होता आणि त्याचा लाभ आम्ही आजही घेत आहोत. तुमच्याकडे तशी संधी आहे, कारण वसाहतीचा लेआऊट, म्हणजे एकूण मांडणीचा नकाशा, म्हाडाचा आहे आणि २०१८ पासून स्वतःच्या लेआऊटपुरते नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे नकाशे मंजूर करण्याचे, अधिकारही म्हाडाकडे आहेत. शेजारच्या चार-पाच संस्थांनी संयुक्त पत्र देऊन, आज वापरात असलेल्या वाटा सार्वजनिक पायवाटा म्हणून लेआऊटमध्येच दाखवाव्यात, अशी मागणी करावी.

विक्रोळीकर :
आमच्या काही सभासदांना सुरक्षिततेची काळजी वाटते. बाहेरची माणसे आवारातून जाऊ लागली तर काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

हिंदू कॉलनीतील वाचक :
काळजी रास्त आहे. वाट इमारतीच्या पायथ्यातून न नेता हद्दीलगत नेली, तिच्यावर दिवे लावले आणि तिच्याकडे खिडक्या किंवा दुकाने ठेवली, तर ती निर्मनुष्य राहत नाही. दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेला बोळ मात्र कटाक्षाने टाळावा. त्या बोळातून रात्री कोणतीही मुलगी जाणार नाही आणि मग वर्षभरात त्याला कुलूप लागेल.

सायकलवाली, भांडुप :
सायकलचा उल्लेख राहून गेला, म्हणून लिहिते. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल मार्ग आखले गेले आणि पुढे त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या. रस्त्याच्या कडेला नुसता पट्टा रंगवल्याने सायकल चालत नाही, हे त्यातून घ्यायचे. संस्थेच्या हातात आहे ती सायकल ठेवण्याची जागा. ती दुसऱ्या बेसमेंटमध्ये पंपाच्या खोलीशेजारी दिली, तर रोज सायकल वर-खाली कोण नेणार? तळमजल्यावर, छपराखाली आणि पायी फाटकाजवळ जागा मागावी, आणि सायकलचा सांगाडा कुलपाने अडकवता येईल असे लोखंडी कमानीचे स्टँड जमिनीत पक्के बसवून घ्यावेत. दूधवाले, पेपरवाले, इस्त्रीवाले आणि रखवालदार यांच्या सायकलींची संख्याही त्या हिशेबात धरावी, कारण आज आवारात सर्वांत जास्त सायकली त्यांच्याच असतात आणि सभासदांच्या यादीवरून जागा मोजली की त्याच नेमक्या वगळल्या जातात.